मिरजेचा तानपुरा, घरची खोली आणि स्वस्त प्रीअँप: ध्वनिमुद्रणाच्या नोंदी

४ जानेवारी २०२५

मिरजेतल्या आमच्या गायनवर्गातील विद्यार्थ्यांना घरी रियाझ करताना लावण्यासाठी खऱ्या तानपुऱ्याची मुद्रणे हवी आहेत. त्यात बाईंच्या पुरुषी आणि जनानी अशा दोन्ही तानपुऱ्यांचे वेगवेगळ्या स्वरांतले अर्ध्या-अर्ध्या तासाचे मुद्रण आणि सोबत काही बंदिशींचे त्यांनी स्वतः गायलेले पाठ असतील. इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणि फोनवरची अॅप उपलब्ध असली, तरी तानपुऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या मिरजेत राहून तानपुऱ्यासाठी यंत्राकडे जाणे बाईंना पटत नाही आणि मलाही पटत नाही.

हाताशी शुअर एसएम५८ हा डायनॅमिक (बाहेरच्या विजेशिवाय चालणारा) माईक आणि बऱ्याच वर्षांपूर्वी घेतलेला, प्राथमिक दर्जाचा दोन चॅनेलचा यूएसबी इंटरफेस (माईक संगणकाला जोडणारी पेटी) आहे. आजच्या पहिल्या चाचणीत माईक तानपुऱ्याच्या घोडीपासून साधारण एक फुटावर ठेवला. गेनचा (संकेत वाढवण्याचा) नॉब शेवटपर्यंत फिरवला, तरी सर्वांत मोठी पातळी −३० डीबीएफएसच्या (शून्य म्हणजे डिजिटल मुद्रणाची कमाल मर्यादा) आसपासच राहिली. संगणकावर ती वाढवली तेव्हा आवाज ऐकण्याजोगा झाला, पण त्यामागे सतत सळसळ सुरू झाली. ही सळसळ नेमकी जिथे नको तिथे बसते. तानपुऱ्याची जवारी (घोडीवर तार टेकून निघणारा झंकार) उत्तम लागली की एकेका तारेतून वरच्या स्वरांशांची झळाळी निघते आणि ती काही हजार हर्ट्झपर्यंत पोचते. सळसळही कानाला तिथेच सर्वाधिक जाणवते. खर्जाची तार विरत जाताना जे ऐकायला हवे, ते त्या थराखाली बुडून जाते.

म्हणून वेगळा प्रीअँप (माईकचा बारीक संकेत वाढवणारे साधन) घेण्याचा विचार आहे. खर्चाची मर्यादा १५,००० रुपये ठेवली आहे.

११ जानेवारी

दुकानात जाण्यापूर्वी कागदावर हिशेब केला. एसएम५८ ची संवेदनशीलता एका पास्कलला, म्हणजे ९४ डेसिबल ध्वनिदाबाला, १.८५ मिलिव्होल्ट आहे. हे −५२.४ डीबीयू (०.७७५ व्होल्टला शून्य धरून मोजलेले डेसिबल) होतात. एक फुटावरून तानपुरा सरासरी ६२ डेसिबल भरतो असे धरले, तर माईकमधून येणारा संकेत −८४ डीबीयूच्या जवळपास जातो. झंकाराची टोके सरासरीच्या दहा-बारा डेसिबल वर धरली, तरी ती रेकॉर्डरमध्ये −१२ डीबीएफएसपर्यंत न्यायला साधारण ७० डेसिबल गेन लागतो. बाजारातल्या अनेक स्वस्त इंटरफेसची मजल ५० ते ६० पर्यंत असते. तपशीलपत्रकांनुसार फोकसराइट स्कार्लेट २आय२ च्या तिसऱ्या पिढीत ५६, मोटू एम२ मध्ये ६० आणि स्कार्लेटच्याच चौथ्या पिढीत ६९ डेसिबल गेन मिळतो.

गेननंतरची दुसरी गोष्ट म्हणजे प्रीअँपचा स्वतःचा नॉइज. तपशीलपत्रकात तो ईआयएन (इनपुटवर आहे असे धरून मांडलेला नॉइज) या नावाने येतो आणि आकडा जितका अधिक उणे, तितके चांगले. वरच्या तिघांचे जाहीर आकडे −१२७ ते −१२९ डीबीयूच्या दरम्यान आहेत, म्हणजे कानाला फरक सांगता येऊ नये इतके जवळ. १५० ओहमचा साधा रेझिस्टरसुद्धा खोलीच्या तापमानाला २० किलोहर्ट्झपर्यंतच्या पट्ट्यात −१३१ डीबीयूचा नॉइज स्वतःच निर्माण करतो. म्हणजे १५० ओहमच्या माईकला जोडलेला कोणताही प्रीअँप, मग तो लाखाचा का असेना, या रेषेच्या खाली जाऊ शकत नाही. एखाद्या जाहिरातीत −१३३ दिसला, तर इनपुट शॉर्ट करून मोजले आहे किंवा ए-वेटिंग (कानाला कमी ऐकू येणाऱ्या पट्ट्यांना कमी वजन देणारी गाळणी) लावले आहे एवढेच समजावे. नुसत्या ए-वेटिंगने आकडा सुमारे दोन डेसिबल चांगला दिसतो. दोन साधनांची तुलना करताना हे पाहिले नाही, तर नसलेल्या फरकासाठी पैसे जातात.

१९ जानेवारी

जुन्या इंटरफेसचा खरा आकडा कळल्याशिवाय नवे साधन किती चांगले हवे ते ठरत नाही, म्हणून मोजण्याची सोय केली. पद्धत सविस्तर लिहितो, कारण इतरांना सर्वांत जास्त उपयोग याचाच होईल.

एक एक्सएलआर मेल प्लग (माईकच्या केबलचा तीन पिनांचा प्लग) घेऊन त्याच्या दोन आणि तीन क्रमांकाच्या पिनांमध्ये १५० ओहमचा मेटल फिल्म रेझिस्टर सोल्डर केला. हा झाला नकली माईक. दुसऱ्या प्लगमध्येही दोन आणि तीनमध्ये १५० ओहम लावला, पण इंटरफेसच्या आउटपुटची तार १५० किलोओहममधून दोन नंबरला आणली आणि तीन नंबर एक नंबरशी म्हणजे ग्राउंडशी जोडला. या जोडणीने संकेत हजारपटीने, म्हणजे ६० डेसिबलने, कमी होतो. फँटम पॉवर (इंटरफेसकडून माईकच्या केबलमधून जाणारा ४८ व्होल्टचा पुरवठा) या दोन्ही वेळी बंद ठेवावी.

मग संगणकातून १०० हर्ट्झचा सूर सोडून आउटपुटवर मल्टिमीटरने ०.७७५ व्होल्ट येईपर्यंत पातळी जुळवली. हे शून्य डीबीयू. सूर १०० हर्ट्झचाच घेतला, कारण स्वस्त मल्टिमीटर एसी व्होल्टेज विजेच्या वारंवारितेच्या आसपासच नीट दाखवतो आणि किलोहर्ट्झच्या सुरावर पुष्कळदा चुकतो. विजेच्या हमशी गल्लत होऊ नये म्हणून ५० हर्ट्झ टाळला. आता प्रीअँपमध्ये −६० डीबीयूचा सूर जात होता. पूर्ण गेनवर तो −१८ डीबीएफएसला नोंदला गेला. नॉबला हात न लावता प्लग बदलून नकली माईक लावला, तेव्हा २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झचा नॉइज −७८ ला आला. फरक ६० डेसिबल, म्हणून ईआयएन −१२० डीबीयू. प्रीअँपच्या इनपुट इम्पीडन्समुळे (विद्युत अवरोधामुळे) सूर किंचित खाली बसतो, पण ती चूक अर्ध्या डेसिबलच्या आत राहते.

दोन प्लग, रेझिस्टर आणि केबलचा तुकडा मिळून ३१० रुपये लागले. सारी दुपार सोल्डरिंगपेक्षा १५० किलोओहमचा एक टक्का अचूकतेचा रेझिस्टर शोधण्यात गेली.

−१२० हा आकडा वाईट आहे. तानपुऱ्याचा −८४ चा संकेत आणि −१२० चा नॉइज यांत फक्त ३६ डेसिबलचे अंतर उरते. कान हेच सांगत होते.

२ फेब्रुवारी

ओळखीच्या एका तबलावादकाकडून छोटा ट्यूब प्रीअँप उसना आणला. त्यात १२एएक्स७ ही ट्यूब आहे आणि गेन कागदावर तरी भरपूर आहे. त्याचे आउटपुट एक्सएलआर केबलने इंटरफेसच्या माईक इनपुटला जोडले, तर आवाज फाटला आणि सळसळ वाढली, कारण एका प्रीअँपच्या पाठीवर दुसरा प्रीअँप बसला. बाहेरचा प्रीअँप लाइन इनपुटलाच (आधीच वाढवलेल्या संकेतासाठीच्या इनपुटलाच) जोडायचा असतो. बहुतेक स्वस्त इंटरफेसच्या कॉम्बो सॉकेटमध्ये (एक्सएलआर आणि जॅक दोन्ही घेणाऱ्या) मधल्या छिद्रात पाव इंची टीआरएस जॅक घातला की लाइन इनपुट मिळतो. अनेक साधनांत हा संकेतसुद्धा आधी कमी करून पुन्हा त्याच प्रीअँपमधून नेलेला असतो, त्यामुळे नॉब तळाशी ठेवून पातळी बाहेरच्या प्रीअँपवरच धरावी लागते.

नीट जोडल्यावर −१२२ मिळाला. दोन डेसिबलची सुधारणा झाली, पण तिच्यासोबत ॲडॉप्टरचा हलका हमही आला आणि टेबलावर बोट आपटले तरी ट्यूब वाजू लागली. या किमतीच्या बहुतेक साधनांत माईकचा संकेत आधी साध्या सॉलिड-स्टेट (ट्रान्झिस्टरच्या) टप्प्यातून जातो आणि ट्यूब नंतर, कमी व्होल्टेजवर, रंग भरण्यापुरती येते. त्यामुळे ट्यूब आहे म्हणून सळसळ कमी होईल ही अपेक्षाच चुकीची ठरते. गिटार किंवा पोवाड्याच्या आवाजाला तो रंग शोभेल, पण जवारीत तो मला नको आहे. दुसऱ्याच दिवशी साभार परत केला.

१६ फेब्रुवारी

या मधल्या काळात मुद्रणात एक नवीच घरघर येऊ लागली होती आणि तिच्यामुळे बराच वेळ गेला. आधी केबल बदलल्या, मग यूएसबी पोर्ट बदलले, तरी काही उपयोग झाला नाही. लॅपटॉपचा दोन पिनांचा चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवला, तेव्हा घरघर जवळजवळ थांबली. दोन पिनांच्या चार्जरला अर्थिंग नसल्याने त्याचा गळका प्रवाह यूएसबीच्या ग्राउंडमधून इंटरफेसकडे आणि तिथून माईकच्या केबलकडे वाट शोधतो. तीन पिनांचा चार्जर आणि अर्थिंग खरोखर असलेला सॉकेट, एवढ्याने हा प्रश्न सुटला. हम घालवण्यासाठी अर्थिंगची पिन कापण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो कोणीही, कधीही, अमलात आणू नये. त्यात जीव जाऊ शकतो.

उरलेली बारीक करकर शेजारच्या खोलीतल्या पंख्याच्या रेग्युलेटरची निघाली. ट्रायकचा रेग्युलेटर मधल्या गतीवर असताना ती येते, पूर्ण गतीवर किंवा बंद असताना येत नाही.

ही घरघर महागड्या प्रीअँपनेही गेली नसती. प्रीअँप बदलण्याच्या विचारात असलेल्याने प्रथम लॅपटॉप बॅटरीवर चालवून, पंखे आणि दिवे बंद करून पाहावे.

२३ फेब्रुवारी

माईक आणि केबलच्या मध्ये बसणारा इन-लाइन बूस्टर एका ध्वनिव्यवस्थापकाकडून दोन दिवसांसाठी मिळाला. फेटहेड, क्लाउडलिफ्टर ही या जातीची प्रसिद्ध नावे. आतमध्ये जेफेट ट्रान्झिस्टर असतात, ते इंटरफेसच्या ४८ व्होल्ट फँटम पॉवरवर चालतात आणि जाहीर आकड्यांनुसार २५-२७ डेसिबल गेन देतात. फँटम पॉवर ते स्वतः वापरतात, पुढे माईककडे जाऊ देत नाहीत, म्हणून डायनॅमिक माईकला धोका नाही.

नकली माईक बूस्टरला लावून पुन्हा तीच मोजणी केली आणि −१२६ मिळाला. जुन्या इंटरफेसचा नॉब आता निम्म्यावर आला. नॉबच्या शेवटच्या वळणात पंधरा-वीस डेसिबल एकदम उडी मारण्याची जी खोड स्वस्त पोटेन्शियोमीटरना असते, तिच्यातूनही सुटका झाली. तानपुरा ऐकल्यावर फरक लगेच जाणवला. सळसळ गेली नव्हती, पण मागे सरली होती.

ज्यांच्याकडे एसएम५८ किंवा त्याहूनही कमी आउटपुट असलेला एसएम७बी आहे, जुना इंटरफेस आहे आणि काम गाण्याचे किंवा बोलण्याचे आहे, त्यांनी नवा प्रीअँप घेण्याऐवजी आधी बूस्टर लावून पाहावा असे माझे मत आहे. ज्यांचा इंटरफेस आधीच −१२७ च्या घरात आहे आणि ज्यांना गेन पुरतो, त्यांना बूस्टरने काहीही मिळणार नाही, कारण बूस्टरचा स्वतःचा नॉइजही त्याच घरात असतो.

१ मार्च

स्वतः प्रीअँप बांधावा का, याचाही विचार केला. एनई५५३२ या सर्वत्र मिळणाऱ्या ऑप-अँपचा (संकेत वाढवणाऱ्या चिपचा) नॉइज हर्ट्झच्या वर्गमूळामागे ५ नॅनोव्होल्ट आहे आणि १५० ओहमच्या रेझिस्टरचा सुमारे १.६. हा ऑप-अँप थेट इनपुटला लावला तर उत्तर −१२० च्या आसपास येते, म्हणजे माझ्या जुन्या इंटरफेसइतकेच. टीएचएटी १५१० सारखी खास माईकसाठीची चिप पूर्ण गेनवर १ नॅनोव्होल्टवर असते आणि ती −१२९ पर्यंत नेऊ शकेल. पण चिपच्या पुढे ४८ व्होल्टचा स्वच्छ पुरवठा, दोन बाजूंची पॉवर सप्लाय, लोखंडी पेटी आणि गेनचा चांगला नॉब हे सगळे आलेच. मर्यादेतले सगळे पैसे त्यात गेले असते आणि तयार साधनापेक्षा फायदा दोन-तीन डेसिबलचाच झाला असता. हा विचार सोडला.

९ मार्च

आज कामाची दिशा बदलली. एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी रोड एनटी१-ए हा कंडेन्सर (फँटम पॉवरवर चालणारा) माईक वापरून पाहायला दिला. त्याची संवेदनशीलता एका पास्कलला २५ मिलिव्होल्ट आहे, म्हणजे एसएम५८ पेक्षा २२.६ डेसिबल जास्त, आणि स्वतःचा नॉइज जाहीर आकड्यानुसार ५ डेसिबल. तोच तानपुरा, तेच अंतर आणि तोच −१२० चा इंटरफेस ठेवला. सळसळ ऐकूच येईना.

कागदावर पुन्हा मांडले. संकेत आता −६२ डीबीयू, माईकचा स्वतःचा नॉइज सुमारे −११९ आणि प्रीअँपचा −१२०. दोन्ही नॉइज एकत्र धरले तरी संकेताशी अंतर सुमारे ५४ डेसिबल राहते. उलट एसएम५८ ला जगातला सर्वोत्तम, −१३१ च्या रेषेवर बसणारा प्रीअँप जोडला, तरी अंतर ४७ च्या पुढे जात नाही. त्यातही एसएम५८ चा प्रत्यक्ष इम्पीडन्स ३०० ओहम असल्याने ते आणखी थोडे कमी होते. तानपुऱ्यासारख्या हळू वाद्यापुढे डायनॅमिक माईक ठेवून त्याची उणीव प्रीअँपने भरून काढण्याचा प्रयत्न कितीही पैसे ओतले तरी पुरा पडणार नव्हता. जानेवारीपासून मी जे प्रीअँपमध्ये शोधत होतो, ते माईकमध्ये होते.

सगळेच कंडेन्सर मात्र सारखे नाहीत. ऑडिओ-टेक्निका एटी२०२० लोकप्रिय आणि स्वस्त आहे, पण त्याचा स्वतःचा नॉइज २० डेसिबल आहे. गाण्याला आणि हार्मोनियमला तो पुरेसा ठरतो. तानपुऱ्यासाठी मी घेणार नाही, कारण तिथे माईकचीच सळसळ प्रीअँपच्या कितीतरी वर येईल.

खोलीचेही ऐकू येऊ लागले. रात्री दहानंतर खिडक्या बंद आणि पंखा बंद असतानाही मिरज जंक्शनवरच्या गाड्यांचे भोंगे आणि मालगाडीची धडधड कंडेन्सरने निमूटपणे टिपली. खोलीचा आवाज मोजायला फोनवरचे अॅप उपयोगी नाही, कारण फोनच्या माईकचा स्वतःचा नॉइजच शांत खोलीत वरचढ ठरतो. हा गोंगाट ऊर्जेने प्रीअँपच्या सळसळीपेक्षा मोठा असला, तरी तो बहुतांशी खालच्या पट्ट्यात असतो आणि ८० हर्ट्झच्या लो-कटने (त्याखालचा आवाज कापणाऱ्या फिल्टरने) त्याचा बराच भाग जातो. सळसळ वरच्या पट्ट्यात असते आणि जवारीला हात न लावता ती कापता येत नाही. म्हणून खोली फार शांत नसली तरी सळसळीचा विचार सोडता येत नाही.

एक अडचण मात्र उरली. मुद्रणात १ किलोहर्ट्झ आणि त्याच्या पटीतली बारीक शिटी येत होती. इंटरफेसच्या माईक सॉकेटवर एक आणि दोन नंबरच्या पिनांमध्ये मीटर लावला, तर फँटम पॉवर ३९ व्होल्ट भरली. मानकानुसार ती ४८ व्होल्ट, चार इकडे किंवा तिकडे, असायला हवी. यूएसबीच्या ५ व्होल्टवरून ४८ तयार करणारा भाग थकला असावा. यूएसबीचे कामकाज दर मिलिसेकंदाला एका ठोक्याने चालते, त्याचीच शिटी या भागातून माईककडे पोचत होती. डायनॅमिक माईकला फँटम लागतच नसल्याने हा दोष इतकी वर्षे लपून राहिला होता.

२२ मार्च

एनटी१-ए विकत घेतला. वापरलेला पण निगा राखलेला, शॉकमाउंटसह ९,००० रुपयांना. आता इंटरफेस निवडायला निकष अगदी साधे उरले. फँटम पूर्ण ४८ व्होल्ट, गेन ५० च्या वर, ईआयएन −१२५ किंवा बरा, आणि नॉब शेवटच्या टोकापर्यंत न नेता काम भागावे. ६९ डेसिबलच्या गेनसाठी जादा पैसे मोजण्याचे कारण कंडेन्सर आल्यावर संपले.

सांगलीत वापरलेला तिसऱ्या पिढीचा स्कार्लेट २आय२ ५,५०० रुपयांना मिळाला. विकणाऱ्याच्या घरी जाताना लॅपटॉप, मीटर, नकली माईक आणि हेडफोन बरोबर नेले. फँटम ४७.६ व्होल्ट भरली. नकली माईक लावून दोन्ही चॅनेल पूर्ण गेनवर ऐकले आणि दोन्हींची सळसळ सारखीच होती. नॉब फिरवताना खरखर झाली नाही. घरी आल्यावर सविस्तर मोजले, तेव्हा ए-वेटिंगशिवाय −१२६ आला, म्हणजे जाहीर −१२८ शी जुळणारा. वापरलेले साधन घेणाऱ्याने दोन्ही चॅनेलची तुलना अवश्य करावी. एका चॅनेलची सळसळ जास्त असेल, तर त्याचा इनपुट टप्पा कधीतरी दुखावलेला असण्याची शक्यता असते.

६ एप्रिल

मुद्रण सुरू झाले. उन्हाळ्यामुळे पंखा बंद ठेवून बसणे बाईंना जड जाते, म्हणून पहाटे साडेचार ते सहाची वेळ धरली आहे. दर तुकड्यानंतर पंखा लावायचा आणि त्या वेळेत तानपुरा पुन्हा मिळवून घ्यायचा. पंख्याच्या वाऱ्याने आणि तापमानाने तारांचा सूर हलतो, हे वेळापत्रक करताना लक्षात घ्यावे लागले.

तानपुऱ्यासाठी माईक घोडीपासून दीड फुटावर, भोपळ्याच्या थोडा वर आणि तबलीकडे किंचित तिरका ठेवला. घोडीच्या अगदी समोर ठेवला की जवारी टोचते आणि भोपळ्याकडे नेला की आवाज घुमट होतो. गेन ४० च्या आसपास आणि टोके −२० डीबीएफएसच्या खाली राहतात. २४ बिटमध्ये यापेक्षा वर न्यायची गरज नाही. बाईंच्या गायनासाठी माईक एक फुटावर, पॉप फिल्टरसह, आणि गेन २० च्या थोडा वर ठेवला. तार सप्तकातल्या ताना −१० च्या वर जाऊ नयेत एवढेच पाहतो.

आतापर्यंतचा खर्च असा: माईक ९,०००, इंटरफेस ५,५००, प्लग आणि रेझिस्टर ३१०, तीन पिनांचा चार्जर १,१००. एकूण १५,९१०, म्हणजे मर्यादेपेक्षा ९१० रुपये जास्त. त्यात वेगळा प्रीअँप एकही नाही. एसएम५८ हार्मोनियमसाठी दुसऱ्या चॅनेलवर आहे. हार्मोनियम जवळून पुरेसा मोठा वाजतो, त्यामुळे तिथे ५६ डेसिबलचा गेन अर्धाही लागत नाही.

तबल्याचे मुद्रण अजून व्हायचे आहे. तिथे प्रश्न उलटा असेल. जवळून वाजणाऱ्या चाटीचे (तबल्याच्या काठावरच्या आघाताचे) टोक ११५ ते १२० डेसिबलपर्यंत गेले, तर एनटी१-ए मधून −४ डीबीयूपर्यंतचा संकेत येईल. या इंटरफेसचे माईक इनपुट किमान गेनवर +९ डीबीयूपर्यंत सहन करते, म्हणून नॉब तळाशी ठेवला तर १३ डेसिबलची मोकळीक उरते. तबलजी मोकळे झाले की तसे करून पाहीन आणि चाटीचा आवाज फाटलाच तर एसएम५८ तिकडे नेईन.